टिचबटणाची फीत

आमच्या ह्यांच्या दंडावर फीत चढली ती माझ्याच हातून. तेव्हा मी इतकी चिडले होते की सुई कापडापेक्षा माझ्या बोटातच जास्त वेळा गेली. छावणीच्या फाटकासमोरच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. एका बाजूला न्हावी, दुसऱ्या बाजूला फोटोवाला, मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. छावणीतल्या निम्म्या लोकांचे गणवेश मी आतबाहेर केलेत. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं उतरलं आणि कुणाला बढती मिळाली, हे त्यांच्या साहेबांच्या आधी मला कळतं.

म्हणून फितीचा नियमही मला तोंडपाठ. पगारी फीत शिवायची, तीही चारी बाजूंनी मशीनवर. बिनपगारी फीत टिचबटणांवर लावायची. एखाद्याला पदाचं काम दिलंय, पण पदाचा पगार दिलेला नाही, तर त्याची फीत चार टिचबटणांवर बसते. उद्या काम काढून घेतलं की टोक धरून ओढायची, टिच टिच आवाज होतो आणि माणूस होता तसा मोकळा. छावणीत अशा लोकांना 'टिचबटणवाले' म्हणतात आणि म्हणताना हसतात. मीही हसायचे, आमचेच हे टिचबटणवाले होईपर्यंत.

हे सुरुंग काढणाऱ्या तुकडीत आहेत. लढाई संपून पुष्कळ वर्षं झाली, लढणारे म्हातारे झाले, पण त्यांनी जमिनीत पुरून ठेवलेलं अजून तिथेच आहे. शेतात, पायवाटांवर, विहिरीच्या कडेला. आमचे हे आणि त्यांचे सोबती सकाळी ट्रकमधून जातात, गुडघे टेकून वीतभर वीतभर जमीन तपासतात, सापडेल ते काढतात आणि दुपार कलली की परत येतात. ह्यांच्याइतका हलका हात अख्ख्या तुकडीत कुणाचा नाही, हे मी बायको म्हणून सांगत नाही, सगळेच सांगतात.

हात हलका, तशी जीभही. आणि घोडं पेंड खात होतं ते तिथे. दूध पाणचट आलं तर हे दूधवाल्याला विचारणार, "आज जरा पातळ वाटतंय, नाही का?" तो म्हणणार, "नाही." हे म्हणणार, "बरं बरं," आणि भांडं पुढे करणार. फोटोवाल्याने आमची शिडी नेली ती वर्षभर त्याच्याकडेच. आम्हाला माळ्यावरून काही काढायचं असलं की हे त्याच्याकडे आमचीच शिडी उसनी मागायला जायचे आणि काम झालं की आभार मानून परत देऊन यायचे. सासूबाई म्हणतात, "अगं, लहानपणी हा रडायच्या आधीसुद्धा माझ्या तोंडाकडे बघायचा, रडू का म्हणून."

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट मात्र मला कधीच नेता आली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून सुई पडली. शिंपिणीच्या घरात सुई पडतेच. मी अनवाणी, हातात कपड्यांचा ढीग, खालचं काही दिसत नव्हतं. ह्यांना दिसलं. दुसरा कुणी असता तर ओरडला असता, "अगं, थांब!" ह्यांनी काय करावं? न बोलता खाली वाकून आपला तळहात माझ्या पायाखाली घातला. मी पाय टेकवला तो ह्यांच्या हातावर, आणि सुई आरपार ह्यांच्या तळव्यात. मी किंचाळले. हे म्हणाले, "तुला लागलं नाही ना?" मी हात धुऊन दिला, पट्टी बांधली आणि मग मोरीत जाऊन रडले. दिवसभर सुरुंगांच्या मध्ये बसणारा माणूस असा असेल तर एक ना एक दिवस काय होणार, हे मला त्या दिवशी लख्ख कळलं होतं.

तर अशा माणसाला तुकडीचा म्होरक्या केलं!

झालं असं की म्होरके होते मामा. त्यांना सगळी छावणीच मामा म्हणायची. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, त्यांना इस्पितळात पाठवलं. कॅप्टनसाहेबांनी ह्यांना बोलावून विचारलं, "मामा येईपर्यंत तुकडी सांभाळशील?" आणि ज्या माणसाला दूधवाल्याला नाही म्हणता येत नाही, तो कॅप्टनला काय म्हणणार?

"आणि पगार?" मी विचारलं.

"तो मामांना चालू राहणार ना. पद त्यांचंच आहे अजून."

"म्हणजे काम तुमचं, जबाबदारी तुमची, काही कमीजास्त झालं तर मान तुमची, आणि पगार होता तेवढाच?"

"आजारी माणसाचा पगार कसा थांबवणार, अगं?"

मामांच्या पगारावर डोळा ठेवण्याइतकी मी हलकी नाही. पण राग कुठेतरी निघायलाच हवा, तो फितीवर निघाला. टिचबटणं मी मुद्दाम सैल शिवली. म्हटलं, पडली एखाद्या झुडपात तर पडू दे.

राग पगाराचा होता असं सगळ्यांना वाटलं, मीही वाटू दिलं. खरं म्हणजे माझी पाचावर धारण बसली होती. कारण म्होरक्याचं काम काय असतं ते मला माहीत होतं. म्होरक्याने जमिनीला हात लावायचा नसतो. तपासून झालेल्या वाटेवर मागे उभं राहायचं, दोन्ही हात पाठीशी बांधायचे आणि बघायचं. कुणाचा पाय चुकतोय, कोण दमलाय, कोण घाई करतोय. आणि चुकलं की ओरडायचं. बस, एवढंच काम. म्हणजे ह्यांना जे येतं ते करायचं नाही आणि जे आयुष्यात कधी जमलं नाही तेच करायचं.

इस्पितळातून सुटल्यावर मामा डोळ्यावर हिरवी झापड लावून आमच्याकडे आले, कामावर यायला अजून अवकाश होता. चहा घेता घेता मला म्हणाले, "पोरी, ह्याला हात मागे बांधायला शिकव. ह्याला कुणी अडचणीत दिसला की हा स्वतः पुढे धावतो. अशाने त्याचाही जीव जातो आणि ह्याचाही. तुकडीला हात नकोत ह्याचे, आवाज हवाय."

"तो कुठून आणू, मामा?" मी म्हटलं.

"ते मला काय माहीत? तुझ्याकडे जास्तीचा आहे, थोडा त्याला दे."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पण मी ते मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवसापासून स्वयंपाकघरात कवायत सुरू झाली. मी ओट्यापासून दारापर्यंत चालत जायचे आणि हे कोपऱ्यात हात मागे बांधून उभे. मध्येच मला थांबवायचं, एवढंच.

"अगं, जरा थांबतेस का?"

"नाही थांबत! हा काय हुकूम झाला? परत."

"थांबलीस तर बरं होईल."

"मी मेले तोवर! परत."

सासूबाई बटाटे सोलत बसलेल्या असायच्या. त्यांनाही स्फुरण चढलं. "अरे, असा ओरड की माझ्या हातातला बटाटा पडला पाहिजे." बटाटा काही पडला नाही. एकदा फार जोर लावून हे "थांब" म्हणाले आणि लगेच म्हणाले, "रागावली नाहीस ना?" मी कपाळावर हात मारून घेतला. भिंतीपलीकडून न्हाव्याने विचारलं, "वहिनी, कुणाला थांबवायचंय? मी येऊ का?"

एका संध्याकाळी मी वैतागून म्हटलं, "सरळ जाऊन सांगा ना साहेबांना, जमत नाही म्हणून. पगार नाही, काही नाही, कुणी धरून ठेवलंय तुम्हाला?"

हे बराच वेळ बुटाला पॉलिश करत राहिले. मग म्हणाले, "मी नाही म्हटलं तर लांबूला देणार आहेत."

लांबू म्हणजे ह्यांचा तुकडीतला जिवाभावाचा दोस्त. नावाप्रमाणे ताडमाड उंच, मनाने लाख, पण घाईचा पुतळा. मी त्याच्या विजारीची शिवण उलगडून लांबी वाढवत असले तर तो एका पायावर उभा राहून "झालं का, वहिनी?" म्हणत राहतो. अशा माणसाच्या हाती तुकडी म्हणजे काय, ते मलाही कळत होतं. ह्यांनी फीत घेतली ती नाही म्हणता आलं नाही म्हणून नव्हे, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. साहेबांकडे जा म्हणणं मी सोडलं. कवायत मात्र चालूच ठेवली.

तुकडीतले लोक ह्यांना मान द्यायचे, पण ह्यांचं बोलणं त्यांना हुकुमासारखं वाटायचंच नाही. "जरा विश्रांती घेता का?" असं विचारलं की "नको, चालतंय" म्हणून ते पुढचं काम करत बसायचे. उलट ह्यांना त्रास नको म्हणून बारीकसारीक गोष्टी आपसांतच उरकायला लागले. चांगल्या मनाने. आणि तेच नडलं असतं.

मग तो दिवस आला. ऊन कडक होतं, मी गणवेशाच्या बाह्या लावत बसले होते. इतक्यात न्हाव्याच्या दुकानातलं बोलणं एकदम बंद झालं. आमच्या गल्लीत त्याचा एकच अर्थ. मी मान वर केली. ट्रक परत येत होता, दुपार व्हायच्याही आत.

सुरुंगवाल्यांचा ट्रक वेळेआधी परत येत नाही. आला तर कशासाठी येतो, ते गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. न्हावी हातात वस्तरा घेऊन दारात आला, त्याच्यामागे तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक. फोटोवाला बाहेर आला. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय गं?" मशीनचं चाक मी हाताने घट्ट धरून ठेवलं होतं, कशासाठी कोण जाणे.

ट्रक फाटकाशी थांबला. पुढच्या सीटवर हे बसलेले दिसले. डोकं, दोन हात, सगळं जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला. आणि पुढच्याच क्षणी दुसऱ्या कुणाचं काय झालं असेल म्हणून परत बाहेर आला. मागून एक एक जण उतरला. सगळे उतरले. शेवटी लांबू उतरला, तो चालत नव्हता, धावत होता, थेट माझ्या दुकानात शिरला आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडायला लागला. रडता रडता हसत होता. आत नेऊन त्याला चहा दिला तेव्हा कुठे बोलता झाला.

मी तिथे नव्हते, पण त्याने सांगितलं ते असं.

तपासून झालेल्या जमिनीच्या कडेने हे लोक लाल-पांढऱ्या खुंट्या ठोकतात आणि खुंट्यांना पांढरी पट्टी बांधतात. पट्टीच्या आतली जमीन आपली, बाहेरची सुरुंगाची. खुंटी पडलेली दिसली तर ज्याला दिसली त्याने ती परत लावायची नाही, म्होरक्याला बोलवायचं, हा त्यांचा पहिला नियम. सकाळी लांबूला एक खुंटी पडलेली दिसली. रात्री एखादं जनावर पट्टीत अडकलं असावं. लांबूने विचार केला, एवढ्याशासाठी त्याला कशाला हाक मारायची, तो बिचारा तिकडे टोकाला उभा आहे. डोळ्याने अंदाज घेतला, खुंटी उचलली आणि ठोकली. अगदी सरळ ओळीत, नीटनेटकी.

"आणि वहिनी, तिथे ओळ सरळ नव्हतीच," लांबू म्हणाला. "तिथे एक दगड होता म्हणून आम्हीच वाट आत वळवली होती. मी विसरलो, आणि न तपासलेला तुकडा पट्टीच्या आत आला."

चहाची वेळ झाली. रस्त्यावरून स्वयंपाक्याने किटली वाजवली. लांबू उठला आणि आपल्याच सरळ केलेल्या पट्टीच्या कडेने लांब लांब ढांगा टाकत निघाला. हे मागे उभे होते, हात पाठीशी. ह्यांना ती खुंटी दिसली. तिच्या बुडाशी नुकती उकरलेली ओली माती होती, बाकी सगळ्या खुंट्यांच्या बुडाशी सुकलेली. लांबूच्या आणि त्या खुंटीच्या मध्ये दोन-तीन ढांगा उरल्या होत्या.

"मी बघितलं त्याच्याकडे," लांबू म्हणाला. "त्याचे हात सुटले होते, वहिनी. एक पाय उचलला होता त्याने. मला वाटलं, हा का धावतोय माझ्याकडे?"

मी हातातली बशी खाली ठेवली.

"मग तो पाय त्याने परत खाली ठेवला. हात मागे घेतले. आणि ओरडला."

"काय ओरडले?"

"थांब! एवढंच. गळ्यात शिट्टी होती, तिची आठवणही झाली नाही त्याला. पण काय सांगू, वहिनी! मी थांबलो, सगळे थांबले, रस्त्यावरचा स्वयंपाक्या किटली उंच धरून थांबला. कॅप्टनसाहेब जीपमधून उतरत होते, ते अर्धे आत अर्धे बाहेर तसेच थांबले. माझा एक पाय हवेत. मग हा तिथूनच, जागचा न हलता, मला सांगत गेला. पाय मागे घे. होता तिथेच ठेव. आता दुसरा. खाली बघू नकोस, माझा आवाज ऐक. असं करत करत मला सुकल्या खुंट्यांपर्यंत मागे आणला."

नंतर त्यांनी ती जागा तपासली. लांबूचा पाय पडणार होता तिथून हातभर अंतरावर सुरुंग होता. असं काही झालं की त्या दिवसाचं काम तिथेच बंद करायचं असा नियम आहे, म्हणून ट्रक लवकर आला.

लांबू गेला तेव्हा हे दारात बूट काढत बसले होते. मी विचारलं, "एवढे ओरडलात?"

"छे गं. तो वाढवून सांगतो. जरा आवाज चढला, झालं."

आणि हे इतक्या मऊ आवाजात म्हणाले की मला खरंच शंका आली. लांबू मीठमसाला लावून बोलणारा माणूस. बिथरलेला होता, त्याच्या कानाला कुजबुजही गर्जना वाटली असेल. आज वाचले. उद्या परत ट्रक जाणार, परत कुणाचा तरी पाय चुकणार, आणि त्या वेळी हे पाय परत खाली ठेवतील की धावत सुटतील, हे मला कोण सांगणार?

संध्याकाळी मी बाह्यांचं राहिलेलं काम संपवलं. तयार गणवेशांचा ढीग छातीशी धरून आतल्या कपाटाकडे निघाले. मनात तेच चाललं होतं. पायात चप्पल नव्हती. सासूबाई कप घेऊन बसल्या होत्या, हे खिडकीशी दाढी करत होते.

"थांब!"

मी थांबले. म्हणजे मी ठरवून थांबले नाही, माझं सगळं अंग आपोआप थांबलं. एक पाय वरच राहिला. सासूबाईंचा कप ओठांपाशी थांबला. भिंतीपलीकडे न्हाव्याच्या कात्रीचा कचकच आवाज चालू होता, तोही थांबला. हा आवाज आमच्या घरातला नव्हता. मी तो कधी ऐकला नव्हता.

"पाय मागे घे. होता तिथे. हां."

मी पाय मागे घेतला. ढिगाच्या कडेवरून वाकून पाहिलं. मी पाय ठेवणार होते तिथेच फरशीवर सुई पडली होती, दिव्याच्या उजेडात चकाकत. आणि हे खिडकीपाशी होते, जागचे न हललेले. अर्ध्या गालाला साबण, आणि दोन्ही हात पाठीशी.

माझ्या हातातला ढीग गळून पडला. मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. मोरीत जाऊन नाही, तिथेच, सगळ्यांसमोर. हे घाबरून पुढे आले, "अगं, फार जोरात ओरडलो का? रागावलीस?" मी नाही नाही म्हणून मान हलवत राहिले. ह्यांचा तळहात हातात घेतला. बारीक डाग आहे अजून तिथे, त्या पहिल्या वर्षीच्या सुईचा. सासूबाई म्हणाल्या, "रडू दे रे तिला. चांगलं रडतेय ती." आणि स्वतःही डोळे पुसायला लागल्या.

बाहेरून न्हावी म्हणाला, "वहिनी, कात्री चालवली तर चालेल का आता?"

डोळे धुतल्यावर मी ह्यांचा गणवेश खुंटीवरून काढला आणि दुकानात नेला. बाहीवरची फीत ओढली. टिच टिच करून सुटली. चारही टिचबटणं उसवून डबीत टाकली, मशीनमध्ये जाड दोरा ओवला आणि फीत बाहीवर ठेवून सुईखाली सरकवली.

हे मागे येऊन उभे राहिले. मग नेहमीच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "अगं, जरा थांबतेस का? पगार सुरू झालेला नाही ना अजून. नियम टिचबटणांचा आहे."

मी थांबले नाही. चारी बाजूंनी शिवली, आणि वर परत एकदा.